पाखरानं टोचलेलं

पप्पांनी चमचा ओठांपर्यंत नेला आणि तसाच थाळीच्या काठावर परत ठेवला.

"ह्याला अंजिराचा रस लागलाय," ते म्हणाले. "आईला दे."

आईनं चाखलं आणि तोंड वाकडं करत तडक मोरी गाठली. चुळा भरून आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "साखर घातलीस की कडुनिंब?"

मी तेव्हा सातवीत होते. मंगळवारी शाळेच्या गॅदरिंगमध्ये विनाअग्नी पाककला स्पर्धा होती, म्हणजे गॅस नाही, शेगडी नाही, बोत्रे मॅडमनी तर मेणबत्तीसुद्धा चालणार नाही असं फळ्यावर लिहिलं होतं. वर्गातल्या निम्म्या पोरी भेळ करणार होत्या. मी मात्र मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता आणि त्यापायी वेडी झाले होते. बिस्किटांचा चुरा तुपात कालवून थाळीत दाबून बसवायचा, त्यावर गार सायीचा जाड थर, आणि वर ताजी फळं. व्हिडिओतल्या बाईनं स्ट्रॉबेरी लावल्या होत्या. आमच्या घरात फळ म्हणजे एकच. सासवडच्या पुढं आमची दीड एकर अंजिराची बाग आहे आणि डिसेंबरात जरा आंबटसर फळांचा खट्टा बहार ऐन तोडणीला येतो.

म्हणून रविवारी सकाळी मी रंगीत तालीम केली, अंजिरं चिरून सायीत छान रोवली, आणि दुपारी थाळी उघडली तर सायीला पाणी सुटलेलं, वर कडूजहर.

पप्पांनी न चाखताच ओळखलं. थाळी उजेडाला धरून म्हणाले, "अर्धी कच्ची तोडलीस. देठातून पांढरा चीक निघतो ना, तो दुधाला लागला की दूध फाटतं. सकाळी लावलीस, दुपारपर्यंत त्यानं आपलं काम केलं." मग कोणती फळं घ्यायची ते त्यांनी मला बागेत नेऊन दाखवलं. पिकलं की अंजिराची मान आपोआप खाली झुकते. तोडायचं, देठ खाली करून घटकाभर टांगून ठेवायचं, चीक गळू द्यायचा, ओल्या फडक्यानं पुसायचं. आणि सायीवर लावायचं ते अगदी शेवटी, ताट पुढं करायच्या आधी. एकेक फळ ते नाकाशी नेत, वास घेत, आणि माझ्या हातात देत. खात मात्र नव्हते.

कारण पप्पांनी अंजीर सोडलं होतं.

आमच्यात गयेला जाऊन पिंडदान केलं की गेलेल्या माणसाच्या नावानं एक फळ जन्मभरासाठी सोडतात. आपल्या आवडीचं. पप्पांचे थोरले भाऊ, आमचे नानाकाका, त्याच्या आदल्या वर्षी श्रावणात अचानक गेले. त्यांना मूलबाळ नव्हतं. पप्पा त्या वर्षी भाद्रपदात गयेला जाऊन आले आणि नानांच्या नावानं त्यांनी अंजीर सोडलं. गावात त्याचं फार कौतुक झालं. बाग अंजिराची आणि माणसानं अंजीरच सोडावं, असं देवळाच्या पारावरही लोक बोलत होते.

एकच माणूस कौतुक करत नव्हतं. हिराकाकी. नानांची बायको.

बांधाच्या पलीकडं त्यांची बाग. झाडं दोन्हीकडची नानांच्याच हातची. पण विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून एकदा पप्पांचं आणि नानांचं वाजलं, आणि मग चार वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. ते चार वर्षांचं न बोलणं नाना गेले तेव्हा तसंच राहिलं. पप्पांनीच अग्नी दिला, पण काकींनी त्यांच्याशी तेव्हाही शब्द काढला नाही. एकटीनं बाग रेटत होत्या. पप्पा छाटणीला माणसं पाठवत, त्या परत पाठवत. आणि आता त्यांनी ठरवलं होतं की संक्रांत झाली की मशीन बोलवायचं आणि सगळी झाडं मुळासकट काढून टाकायची. मशीनवाल्याचा दिवससुद्धा ठरला होता. हे कळल्यापासून पप्पा रोज बांधापाशी जाऊन उभे राहायचे, पलीकडच्या झाडांकडं बघत. पाऊल मात्र टाकायचे नाहीत.

आणि पाककला स्पर्धेच्या परीक्षक कोण, तर महिला बचत गटाच्या अध्यक्षा. म्हणजे हिराकाकीच.

"केळी लाव," आई म्हणाली. "पपई लाव. हिराअक्कांच्या पुढ्यात अंजीर कशाला नेतेस?"

मी पप्पांकडं बघितलं.

"अंजीरच ने," ते म्हणाले. "दुसरं कशाला?"

मंगळवारी शाळेच्या व्हरांड्यात बाकं मांडली होती. हातात एक तास. मी तेव्हा कशी होते ते सांगायला हवं, कारण आता मी दहावीत आहे, गॅदरिंगचं सूत्रसंचालन मीच करते आणि बोत्रे मॅडम मला माइक सोडायला लावतात. तेव्हा हजेरीला मी 'हजर' म्हणाले की मॅडम पुन्हा विचारायच्या, तेजल गिरमे आलीय का? शेजारचा बेंच सांगायचा, आलीय. एवढाच माझा आवाज.

पण हात चालत होते. तूप थंडीनं थिजलं होतं, ते वाटी उन्हात ठेवून पातळ केलं. सूर्याला अग्नी म्हणत नाहीत हे मॅडमना आधीच विचारून घेतलं होतं, तेही गौसियाकरवी. गौसिया माझ्या शेजारच्या बाकावर मटकीची भेळ करत होती. मारी बिस्किटं रुमालात बांधून लाटण्यानं कुटली, तुपात कालवली, थाळीत वाटीच्या बुडानं दाबून दाबून बसवली. थाळी ओल्या पोत्यावर, सावलीत. तोवर साय आणि चक्का रवीनं घुसळून घेतला, मऊ आणि जाड, लोणी व्हायच्या बेतात आला तिथंच थांबले. आणि अगदी शेवटी अंजिरं. चौफाकी चिरून, आतला गुलाबी भाग वर करून, मधून बाहेर गोल गोल लावत गेले. शेवटचं अख्खंच मध्यभागी ठेवलं. गौसिया काम थांबवून बघत राहिली. "हे खायचंय का पूजेला लावायचंय?" ती म्हणाली.

परीक्षक आले. एक निवृत्त मुख्याध्यापक होते, ते प्रत्येक ताटापुढं 'उत्तम' म्हणून पुढं सरकत होते. त्यांच्या मागून काकी. निळी सुती साडी, दोरीला अडकवलेला चष्मा, हातात गुणांचा कागद. रस्त्यात भेटल्या तर त्या माझ्याशी बोलायच्या, पण परक्या पोरीशी बोलावं तसं. शाळा काय म्हणते, एवढंच.

"काय केलंस?"

मी काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यानं."

"अंजीर टार्ट."

त्यांनी थाळीकडं बराच वेळ बघितलं. मग चमच्यानं कड तोडली, बिस्किटाचा थर कसा बसलाय ते वाकून पाहिलं, साय चाखली. "साय चांगली झालीय. चीक लागला नाही." त्या अंजीरवाल्याच घरातल्या, त्यांना ते लगेच कळणारच. "घरी कोणाला चाखायला दिलं होतंस?"

"आईला."

"आणि बापाला?"

"पप्पा अंजीर खात नाहीत. गयेला सोडलं त्यांनी."

काकी हसल्या. ते हसू चांगलं नव्हतं. चमचा हातात तसाच धरून त्या मॅडमकडं वळल्या.

"मॅडम, मला ह्या घरात येऊन सव्वीस वर्षं झाली. पहिल्या वर्षापासून बघतेय. ताटात अंजीर आलं की भाऊजी आपल्या वाटणीचं ह्यांच्याकडं सरकवायचे. मला नाही आवडत, म्हणायचे. जन्मात कधी तोंडाला लावलं नाही, आणि गयेला जाऊन सोडलं म्हणे." चष्मा काढून त्यांनी पदराला पुसला. "मग मी पण उद्यापासून सोडते. सिगारेट."

आजूबाजूच्या सगळ्या हसल्या. मॅडमपण हसल्या. गौसिया हसली आणि माझ्याकडं बघून थांबली.

मला मात्र दुसरंच काहीतरी दिसत होतं.

मी पाच वर्षांची असेन. बाग तेव्हा एकच होती, बांध नव्हता. पप्पा भल्या पहाटे तोडणीला जायचे आणि मी मागं लागले की मला कडेवर घेऊन जायचे. तोडता तोडता पाखरानं टोचलेलं फळ सापडलं की ते विकायच्या पाटीत जात नाही. ते पप्पा बाजूला ठेवायचे. चांगली आठ-दहा जमली की झाडाखाली उकिडवे बसायचे आणि एकामागून एक खायचे. डोळे मिटून. रस मिशांना लागायचा, तो अंजिराच्याच पानानं पुसायचे आणि पान खरखरीत म्हणून मग नाक चोळत बसायचे. मला त्याची फार गंमत वाटायची. एकदा मी विचारलं, पप्पा, तुम्हाला अंजीर आवडत नाही ना? तेव्हा ते म्हणाले, नानाला सांगायचं नाही हं. त्याला वाटतं मला आवडत नाही. आणि माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून त्यांनी मला शपथ घातली होती.

भांडण झाल्यावरही ते तसेच खायचे. मी बघितलंय. त्या भाद्रपदापर्यंत. त्यानंतरच्या बहारात टोचलेली फळं ते झाडाच्या बुंध्याशी ठेवून देऊ लागले.

"खोटं आहे," मी म्हणाले.

आवाज इतका बारीक होता की कोणाला ऐकू गेला नाही. काकी पुढच्या बाकाकडं निघाल्या होत्या.

"काकी, खोटं आहे ते."

त्या थांबल्या. सगळाच व्हरांडा थांबला.

"काय म्हणालीस?"

"पप्पा खायचे." मी बाकाची कड घट्ट धरली. "पाखरानं टोचलेली खायचे. सकाळी, झाडाखाली बसून. दहा दहा. मी बघितलंय, खूप वेळा. नानांना कळू द्यायचं नव्हतं त्यांना. त्यांनीच सांगितलंय, लहानपणी घरामागं एकच झाड होतं आणि फळं मोजकीच यायची, ती नानांना मिळावीत म्हणून ते आवडत नाही म्हणायचे. मग तेच म्हणत राहिले."

"हे तुला बापानं पढवलं?"

"नाही. त्यांनी सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती."

"मग का सांगतेस?"

"ज्यांना सांगायचं नव्हतं ते गेले ना आता."

हे वाक्य मी ठरवून बोलले नव्हते. बोलल्यावर मलाच त्याची भीती वाटली. काकींचा चेहरा हलला नाही. मधोमध ठेवलेलं अख्खं अंजीर त्यांनी उचललं आणि तोंडात टाकलं. साय नाही, बिस्किट नाही, नुसतं अंजीर. फार वेळ चघळत राहिल्या. मग कागदावर काही न लिहिता पुढच्या बाकाकडं गेल्या.

गौसियाच्या भेळेला पहिला नंबर आला. माझा नंबरच नव्हता. मी हळूच मॅडमच्या टेबलावरचा गुणांचा कागद बघितला. मुख्याध्यापकांनी मला दहापैकी नऊ दिले होते. काकींच्या कागदावर माझ्या नावापुढचा रकाना कोरा होता. शून्यसुद्धा नाही.

उरलेली थाळी मी घरी नेली. पप्पा ओट्यावर बसून तळहातावर वाळलेला चीक खोबरेल तेलानं सोडवत होते. मला सांगायचं होतं आणि सांगवत नव्हतं. शेवटी पायरीवर उभी राहून म्हणाले, "मी काकींना सांगितलं."

"काय?"

"पाखरांचं."

त्यांचा हात थांबला. "सगळ्यांसमोर?"

"हो."

आई दारात आली होती. "कसलं पाखरांचं?" तिनं विचारलं. मी तिला सगळं सांगितलं आणि ती पप्पांकडं बघतच राहिली. "पंधरा वर्षं संसार करतेय," ती हळू म्हणाली, "मी दर वेळी तुमच्या ताटात अंजीर वाढायचं टाळत आले."

मला वाटलं पप्पा रागावतील, आणि रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त 'बरं' म्हणाले, हात पुसले आणि गोठ्याकडं गेले. जेवताना मी थाळीतला टार्ट पानावर घेतला नाही. शपथ मोडली होती आणि हाती काही लागलं नव्हतं, झाडं संक्रांतीनंतर जाणारच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पप्पांबरोबर बागेत गेले. कोणी बोलावलं नव्हतं. ते पुढं, मी पाटी घेऊन मागं. बांधापाशी पोचलो तर काकी पलीकडं उभ्या होत्या, डोक्याला टॉवेल गुंडाळून. बांधावरच्या दगडावर एक जर्मनची वाटी ठेवलेली होती, वर अंजिराचं पान झाकलेलं.

पप्पा दहा पावलांवर थांबले.

"तेजू," काकींनी मला हाक मारली. ह्या नावानं त्यांनी मला कितीतरी वर्षांनी हाक मारली होती. "रागावलीस का गं, मार्क दिले नाहीत म्हणून?"

मी मान हलवली. कोणत्या बाजूला हलवली ते मला आठवत नाही.

"घरच्या पोरीला मी मार्क कसे देणार? लोक काय म्हणतील?" मग आवाज जरासा चढवून, पण नजर माझ्यावरच ठेवून त्या म्हणाल्या, "मशीनवाल्याला नको म्हणून कळवलंय. तुझ्या बापाला विचार, माझी फळं झाडावरच उलायला, फुटायला लागलीत. काय करायचं?"

मी वळून बघितलं. पप्पांना सगळं ऐकू गेलं होतं. त्यांनी उत्तर मलाच दिलं, पण तेही काकींना ऐकू जाईल असं.

"म्हणावं, पाणी जास्त होतंय. आठ दिवस पाणी तोडा. आणि खालच्या ओळीतली झाडं..." इथं त्यांनी बांधापलीकडं बघितलं. "खालच्या ओळीत नानानं चर काढला होता. तो बुजला असेल. तो मोकळा करावा लागेल. मी करतो, वहिनी."

शेवटचं त्यांनी मला सांगितलं नव्हतं.

काकींनी खाली वाकून वाटीवरचं पान उचललं. आत सात-आठ अंजिरं होती, प्रत्येकाला एका बाजूनं चोचीचा खड्डा पडलेला. पहाटेपासून शोधून गोळा केली असणार, कारण एका झाडावर अशी दोन-तीनच सापडतात.

"घ्या, भाऊजी," त्या म्हणाल्या.

पप्पा बांधापर्यंत आले. वाटीतलं एक उचललं. नाकाशी नेलं, डोळे मिटले. लहानपणी बघितला होता तसाच त्यांचा चेहरा झाला आणि मला वाटलं, आता खाणार. मला तर वाटलं खावंच. मशीन येणार नव्हतं, कोणाला काही सिद्ध करायचं उरलं नव्हतं, आणि आम्हा तिघांशिवाय तिथं कोणी नव्हतं.

त्यांनी डोळे उघडले आणि अंजीर हातात तसंच धरलं.

"नाही, वहिनी. सोडलंय."

काकींनी पदर तोंडाला लावला. त्या बांधावरच खाली बसल्या, मातीत, आणि नाना गेले त्या दिवशी रडल्या नव्हत्या तशा रडल्या. पप्पा उभेच होते. त्यांना काय करावं कळत नव्हतं, मलाही कळत नव्हतं. थोड्या वेळानं त्यांनी हातातलं अंजीर माझ्यापुढं केलं.

"खा," ते म्हणाले. "आणि सांग."

मी चावा घेतला. ते दोघं माझ्या तोंडाकडं बघत होते, काकी खालून, पप्पा वरून.

"आंबट आहे थोडं," मी म्हणाले. "खट्टा बहार आहे ना."

"आणखी?"

मी दुसऱ्या बाजूनं खाल्लं, सावकाश, कारण नीट सांगायचं होतं.

"चोच लागलीय तिथं जास्त गोड आहे."

"असतंच," पप्पा म्हणाले, आणि बांध ओलांडून चर बघायला गेले.